१४९ कवट्यांची साक्ष

मानसशास्त्राच्या विद्यार्थ्याला प्रात्यक्षिकांच्या सुरुवातीलाच एक नियम शिकवला जातो. उत्तर काय यावे हे संशोधकाने आधीच मनाशी धरले, की त्याची नजर, त्याचे प्रश्न आणि त्याची मोजमापेसुद्धा त्या बाजूला झुकू लागतात. हा नियम वहीत उतरवून घेणे सोपे आहे. ज्यांच्या हातात आपली पदवी आहे त्या गुरूंनाच ठराविक उत्तर हवे असताना तो पाळणे कठीण. डॉ. इरावती कर्वे यांनी तो ऐन पंचविशीत पाळला.

इरावतीबाईंचा जन्म १५ डिसेंबर १९०५ रोजी ब्रह्मदेशात झाला. तेथील इरावती नदीवरूनच त्यांचे नाव ठेवले गेले. पुण्याची हुजूरपागा, फर्ग्युसन कॉलेज आणि मग मुंबई विद्यापीठात डॉ. गो. स. घुर्ये यांचे मार्गदर्शन, असे त्यांचे शिक्षण झाले. रसायनशास्त्राचे प्राध्यापक दिनकर कर्वे यांच्याशी त्यांचा विवाह झाला. पुढे जर्मनीस जाण्याचे ठरले तेव्हा स्त्रीशिक्षणासाठी आयुष्य वेचणारे सासरे, महर्षी कर्वे, यांचाच त्या बेताला विरोध होता. अखेर डॉ. जीवराज मेहता यांनी दिलेल्या कर्जावर १९२८ साली त्या बर्लिनला गेल्या.

तेथे १९२७ साली स्थापन झालेल्या कैसर विल्हेल्म मानववंशशास्त्र संस्थेचे प्रमुख ऑयगेन फिशर हे त्यांचे मार्गदर्शक होते. गोऱ्या युरोपियनांच्या मेंदूचा उजवा पुढचा भाग मोठा असतो, त्यामुळे त्यांच्या कवटीच्या दोन बाजूंत अधिक फरक आढळेल, आणि त्यांच्या श्रेष्ठ बुद्धीची ती खूण ठरेल, असा फिशर यांचा तर्क होता. इरावतीबाईंनी १४९ कवट्या काटेकोरपणे मोजल्या. दोन बाजूंतील फरकाचा वंशाशी काही संबंध दिसेना. जे दिसले तेच त्यांनी प्रबंधात लिहिले. पदवी मिळाली, पण उत्तीर्ण होण्यापुरत्या सर्वांत खालच्या श्रेणीत. हेच फिशर १९३३ साली नाझी राजवटीत बर्लिन विद्यापीठाचे रेक्टर झाले, आणि सक्तीच्या निर्बीजीकरणाला त्यांच्या संस्थेने शास्त्राचे पांघरूण पुरवले.

या कथेला दुसरी बाजूही आहे. त्या कवट्यांत आफ्रिकेतील जर्मन वसाहतीतून आणलेल्या कवट्याही होत्या. मेलेल्यांची किंवा त्यांच्या आप्तांची संमती कोणी घेतली नव्हती, आणि तशी ती घ्यावी असे त्या काळच्या शास्त्राला वाटतही नव्हते. निष्कर्ष प्रामाणिक असला तरी साहित्य कोठून आले हा प्रश्न उरतोच. भारतात परतल्यावरही इरावतीबाईंनी अनेक जातीजमातींची शारीरिक मोजमापे घेतली. परंतु पुण्याच्या डेक्कन कॉलेजात काम करताना त्यांचा भर हळूहळू माणसांच्या नात्यागोत्यांकडे व बोलण्याकडे वळला. भारतातील नातेसंबंधांवरचा त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९५३ साली निघाला. ‘युगान्त’ला १९६८ सालचे साहित्य अकादमी पारितोषिक मिळाले. कोयना धरणामुळे उठलेल्या लोकांची पाहणी त्यांनी जाई निंबकर यांच्यासह केली. तिचा अहवाल १९६९ साली प्रसिद्ध झाला. त्यानंतर वर्षभरातच, ११ ऑगस्ट १९७० रोजी, त्यांचे निधन झाले.

धार जिल्ह्यातील आमच्या कुक्षी तालुक्याला ही शेवटची पाहणी विशेष जवळची वाटते. २०१९ साली सरदार सरोवर पूर्ण भरले आणि तालुक्यातील निसरपूर पाण्याखाली गेले. अशा गावांत प्रश्नावली घेऊन जाणाऱ्या विद्यार्थ्याने आधी आपण कोण, कशासाठी आलो हे सांगावे. समोरच्याला नकार देण्याची मोकळीक ठेवावी. त्याने जे सांगितले तेच लिहावे, मग ते प्राध्यापकांना पटो वा न पटो. खालची श्रेणी मिळाली तरी चालेल. बर्लिनच्या त्या प्रबंधालाही तीच मिळाली होती.