आबे फारिया : मोहिनीविद्येचें मर्म शोधणारे गोमंतकीय धर्मगुरु

बार्देश महालांतील कांदोळी गांवीं इ. स. १७५६ च्या मे महिन्यांत जोझे कुस्तोदियु द फारिया यांचा जन्म झाला. वडील कायतान व्हितोरिनु हे मूळचे कोलवाळचे. धर्मगुरु होण्याच्या हेतूनें त्यांनीं आरंभींच्या दीक्षा घेतल्या होत्या. परंतु पुढें तो मार्ग सोडून त्यांनीं कांदोळीच्या रोझा मारिया द सौझा यांच्याशीं विवाह केला. तो संसार सुखाचा झाला नाहीं. कांहीं वर्षांनीं पवित्र ख्रिस्तसभेची अनुज्ञा घेऊन उभयतां विभक्त झालीं. पति धर्मगुरु झाले, आणि पत्नीनें जुन्या गोव्यांतील सांता मोनिका मठांत प्रवेश केला. तेथें त्या पुढें मठाध्यक्षाही झाल्या. ज्या मुलाचे आईबाप दोघेही देवाच्या सेवेंत गेले, त्याच्या वांट्यास घर असें कांहीं उरलें नाहीं, हें त्याचें चरित्र वाचतांना आपण विसरूं नये.

इ. स. १७७१ मध्यें पितापुत्र गलबतांत बसून पोर्तुगालास निघाले व त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत लिस्बनला पोंचले. मुलाचें वय तेव्हां अवघें पंधरा. राजाश्रय मिळून तो रोम शहरीं प्रोपागांदा फिदेच्या विद्यालयांत दाखल झाला. तेथें इ. स. १७८० मध्यें त्याला गुरुदीक्षा मिळाली आणि ईश्वरविज्ञानांतील डॉक्टर ही पदवीही त्यानें संपादिली. पोप सहावे पायस यांच्या समक्ष सिस्टीन चॅपेलमध्यें पवित्र आत्म्याच्या सणाचें प्रवचन करण्याचा मान या काळ्यासांवळ्या गोमंतकीय तरुणास लाभला, ही त्या काळीं लहानसहान गोष्ट नव्हती.

लिस्बनला परत आल्यावर राणी पहिली मारिया हिच्या केलूझ येथील राजवाड्यांत त्यांचें प्रवचन ठरलें. याविषयीं एक आख्यायिका गोव्यांत घरोघर सांगतात. व्यासपीठावर चढून समोर दरबारी मंडळी पाहतांच फादर फारियांची बोबडी वळली; एक शब्द फुटेना. तेव्हां व्यासपीठाखालीं बसलेल्या वडिलांनीं हळूच कोंकणींत सांगितलें, कीं हीं समोर बसलेलीं सारीं नुसती भाजी आहे, तूं आपली ती चिरीत जा. तें ऐकून मुलाची भीति पार पळाली आणि प्रवचन अस्खलित झालें. ही गोष्ट शब्दशः अशीच घडली असेल वा नसेल. पण पुढच्या साऱ्या कथेचें बीज तिच्यांत आहे. दरबार होता तोच राहिला, माणसें होतीं तींच राहिलीं; पालटलें तें एका माणसाच्या मनांतील चित्र, आणि तेवढ्यानें लुळी पडलेली जीभ चालूं लागली.

इ. स. १७८७ मध्यें गोव्यांत पोर्तुगीज सत्तेविरुद्ध कट उघडकीस आला. तो पिंटोंचें बंड या नांवानें प्रसिद्ध आहे. एतद्देशीय धर्मगुरूंस वरच्या जागा नाकारल्या जात, हें त्या असंतोषाचें एक मोठें कारण होतें. त्यांत गोंवलेल्या कांहीं धर्मगुरूंचा लिस्बनमधील फारिया पितापुत्रांशीं स्नेह असल्यानें संशयाची छाया त्यांच्यावरही पडली. इ. स. १७८८ मध्यें पुत्र फ्रान्सला निघून गेला. जन्मभूमीचें दर्शन त्यास पुन्हां घडलें नाहीं.

पॅरिसला राज्यक्रांति झाली. तींत इ. स. १७९५ च्या ऑक्टोबरांत राष्ट्रीय परिषदेविरुद्ध उठलेल्या एका तुकडीचे पुढारीपण फादर फारियांनीं केलें, असें त्यांचे चरित्रकार लिहितात. धर्मगुरूनें हातीं शस्त्र घेणें मला रुचत नाहीं, आणि त्याचें समर्थनही मी करीत नाहीं. मला त्याहून महत्त्वाचें वाटतें तें त्यांचें दुसरें धाडस.

त्या काळीं युरोपांत मेस्मर नांवाच्या वैद्याच्या मताचा फार बोलबाला होता. सर्व विश्वांत एक सूक्ष्म चुंबकीय द्रव भरलेला असून, तो हातवाऱ्यांनीं रोग्याच्या देहांत सोडतां येतो आणि त्यानें रोग बरे होतात, असें तो सांगे. फ्रान्सच्या राजानें इ. स. १७८४ मध्यें या मताच्या परीक्षणार्थ एक मंडळ नेमिलें. त्यांत अमेरिकेचे फ्रँकलिन व रसायनशास्त्रज्ञ लाव्हॉझिए होते. असा द्रव मुळीं नाहींच, हा सारा कल्पनेचा खेळ, असा निर्णय मंडळानें दिला. त्याच वर्षीं मेस्मरच्या शिष्यांपैकीं मार्कि द प्युइसेग्युर यांस आढळून आलें, कीं या उपचारांत कित्येक रोग्यांस एक विलक्षण झोंप लागते. तींत माणूस बोलतो, विचारलेल्याचें उत्तर देतो, आणि जागा झाल्यावर सारें विसरतो. फादर फारिया हे प्रथम या प्युइसेग्युरांचे अनुयायी होते. लेखक शातोब्रियां यांनीं आपल्या आठवणींत एक गंमत लिहून ठेविली आहे : एका बाईंच्या घरीं भोजनप्रसंगीं फारियांनीं चुंबकशक्तीनें पिवळा कॅनरी पक्षी मारून दाखविण्याची प्रौढी मिरविली, पण पक्षीच वरचढ ठरला आणि पाद्रीबुवांस काढता पाय घ्यावा लागला. थट्टा करणाऱ्याचें लिहिणें थोडें तिखट असतेंच. तरी त्यावरून एवढें दिसतें, कीं आरंभीं फारियांचाही आपल्या हातांतील शक्तीवर विश्वास होता.

तो विश्वास अनुभवानें गेला, आणि गेला हें त्यांनीं चारचौघांत सांगितलें. इ. स. १८११ मध्यें मार्सेय येथील विद्यालयांत ते तत्त्वज्ञानाचे अध्यापक झाले, तेथील वैद्यमंडळानें त्यांस सभासदही करून घेतलें. पुढील वर्षीं नीम येथें त्यांची बदली झाली. तेथून ते पॅरिसला परतले, आणि इ. स. १८१३ च्या ऑगस्टपासून रू द क्लिशी येथें त्यांनीं जाहीर व्याख्यानें व प्रयोग सुरू केले. प्रवेशास पांच फ्रँक पडत. तरीही गर्दी लोटे. प्रयोगांत ना हातवारे, ना लोहचुंबक, ना मंत्रतंत्र. माणसास खुर्चींत स्वस्थ बसवावें, डोळे मिटून झोंपेवर चित्त एकाग्र करण्यास सांगावें, आणि मन शांत झालेलें दिसतांच खणखणीत स्वरांत निजण्याची आज्ञा करावी. कित्येक जण एका शब्दासरशीं निजत. ज्यांस तेवढ्यानें झोंप लागत नसे त्यांच्या डोळ्यांसमोर ते आपला उघडा तळहात धरीत व तो हळूहळू जवळ आणीत. निद्रिस्तास पाणी देऊन तें मद्य आहे म्हटलें कीं त्यास मद्याची चव येई. झोंपेंत सांगितलेली गोष्ट तो जागा झाल्यावर करी.

या झोंपेस त्यांनीं सजग निद्रा असें नांव दिलें. तिचें कारण काय? त्यांचें उत्तर असें, कीं निजविणाऱ्याच्या अंगीं कोणतीही गूढ शक्ति नाहीं. सारें घडतें तें निजणाऱ्याच्याच चित्ताच्या एकाग्रतेनें. जो एकाग्र होऊं शकतो तोच निजतो. जो होऊं शकत नाहीं त्यापुढें थोर मांत्रिकही हतबल. ज्या फारियांस पाहण्यास लोक पैसे मोजीत होते, तेच फारिया त्यांस सांगत होते कीं माझ्यांत पाहण्यासारखें कांहीं नाहीं. स्वतःच्या पोटावर असा पाय देणारा प्रयोगकर्ता विरळा. (ज्यांचें रक्त पातळ त्यांना ही झोंप लवकर लागते, हें त्यांचें दुसरें मत मात्र शास्त्रानें टाकून दिलें आहे.)

कांहीं धर्मनिष्ठांनीं हें सैतानाचें कृत्य ठरविलें. फारियांनीं त्यांसही उत्तर दिलें, कीं ही देवानें मनुष्यस्वभावांत ठेविलेलीच शक्ति असून तींत भुताखेतांचा संबंध नाहीं. आपल्या धर्मग्रामांतही कोणी कोणी मला विचारतात, कीं मोहिनीविद्येचा उपचार घेणें पाप आहे काय. ख्रिस्तसभेनें इ. स. १८५६ मध्यें या विद्येच्या दुरुपयोगाविरुद्ध कडक इशारा दिला होता. पुढें इ. स. १९५७ मध्यें पोप बारावे पायस यांनीं असें स्पष्ट केलें, कीं योग्य वैद्यानें, शास्त्र व नीति यांच्या मर्यादेंत राहून, उपचारार्थ तिचा उपयोग करण्यास हरकत नाहीं. सामान्यांनीं तिचा खेळ करूं नये. शिणलेल्या माणसास डोळे मिटून समुद्रकिनारा वा शांत मळा मनांत पाहण्यास सांगून भीति अगर वेदना हलकी करण्याची रीतही आज वैद्य वापरतात. आपणांस यांत नवल वाटूं नये. संत इग्नेशियसच्या आध्यात्मिक साधनेंत बेथलेहेमची वाट, गव्हाण, तेथील माणसें अंतश्चक्षूंनीं पाहण्यास आम्हां गुरुविद्यार्थ्यांस शिकवीत. तेथें हेतु प्रभूच्या भेटीचा असतो, वैद्याकडे हेतु आरामाचा; दोन्ही एक नव्हेत. परंतु मनांतील चित्र माणसास हालवितें, हें दोहोंकडे खरें. पैसे घेऊन आपल्या अंगीं सिद्धि असल्याचें सांगणाऱ्या बुवाकडे जाण्यापूर्वीं फादर फारियांनीं दोनशें वर्षांमागें काय म्हटलें होतें तें आठवावें.

त्यांच्या वाट्यास मात्र हंसें आलें. एका नटानें प्रयोगास येऊन निजल्याचें सोंग केलें, आणि ऐन वेळीं डोळे उघडून भर सभेंत त्यांची फजिती केली. इ. स. १८१६ मध्यें त्यांची टर उडविणारें एक नाटक पॅरिसच्या रंगभूमीवर आलें. शहर हंसूं लागलें; श्रोते गळाले. वास्तविक त्या सोंगानें फारियांचेंच मत सिद्ध होत होतें : ज्याला निजावयाचें नाहीं त्याला कोण निजविणार? पण हंसणाऱ्या लोकांस युक्तिवाद ऐकूं येत नाहीं. ते मुलींच्या एका निवासी शाळेंत धर्मोपदेशक म्हणून राहिले, आणि तेथें त्यांनीं सजग निद्रेच्या कारणाविषयींचा आपला ग्रंथ फ्रेंच भाषेंत लिहिला. तो प्युइसेग्युरांस अर्पण केला आहे. ज्यांचें मत खोडावयाचें त्यांनाच आदरानें अर्पण! ग्रंथाचा पहिला भाग इ. स. १८१९ मध्यें निघाला, आणि त्याच वर्षीं २० सप्टेंबर रोजीं पक्षाघातानें फादर फारिया निवर्तले. माँमार्त्र येथें त्यांस मूठमाती मिळाली. थडग्यावर खूण राहिली नाहीं.

पुढें इ. स. १८४० नंतर आलेग्झांद्र द्युमा यांच्या कादंबरींतील शातो दिफच्या तुरुंगांतल्या वृद्ध पाद्रीस त्यांचें नांव मिळालें, आणि वाचक त्यालाच खरे फारिया समजूं लागले. कादंबरींतला पाद्री इटालियन आहे व भुयार खणतो. आमच्या कांदोळीकरांशीं त्याचें नांवापुरतें नातें. खरा न्याय दिला तो वैद्यांनीं. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत नान्सी येथील लिएबो व बेर्नहेम यांनीं सूचनेच्या सामर्थ्यावर उपचार उभारले, तेव्हां फारियांचें मत पुन्हां वर आलें. गोमंतकीय डॉक्टर दाल्गादो यांनीं इ. स. १९०६ मध्यें पॅरिसमध्यें त्यांचा ग्रंथ पुन्हां छापविला आणि चरित्रही लिहिलें. पोर्तुगालचे डॉक्टर एगास मोनिझ यांनीं इ. स. १९२५ मध्यें त्यांच्यावर स्वतंत्र पुस्तक काढिलें.

पणजीस मांडवीच्या कांठीं, आदिलशहाच्या जुन्या राजवाड्याशेजारीं, मडकईचे शिल्पकार रामचंद्र पांडुरंग कामत यांनीं घडविलेला फादर फारियांचा पुतळा आहे. तो इ. स. १९४५ मध्यें त्यांच्या पुण्यतिथीस उघडला गेला. धर्मगुरूंनीं दोन्ही हात पुढें पसरले आहेत आणि त्यांच्यापुढें एक स्त्री मागें कलंडत निद्रावश होत आहे. पुतळा देखणा आहे, यांत शंका नाहीं. परंतु जाणारा येणारा प्रथम पाहतो ते ते पसरलेले हात. आणि त्या हातांत कांहीं नाहीं, हेंच सांगण्यांत त्या माणसाचीं शेवटचीं वर्षें गेलीं होतीं.