सॅम्युअल जॉन्सन

सॅम्युअल जॉन्सन (१८ सप्टेंबर, १७०९ - १३ डिसेंबर, १७८४) हे इंग्लिश कोशकार, निबंधकार, कवी आणि समीक्षक होते. १७५५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'अ डिक्शनरी ऑफ द इंग्लिश लँग्वेज' या कोशासाठी ते विशेष ओळखले जातात. इंग्लिश शब्द व त्यांचे अर्थ अभ्यासण्याच्या पद्धतीवर या कोशाचा दीर्घकाळ प्रभाव राहिला.

सुरुवातीचे जीवन

जॉन्सन यांचा जन्म इंग्लंडमधील लिचफील्ड येथे एका पुस्तकविक्रेत्याच्या घरी झाला. बालपणी जडलेल्या गंडमाळेमुळे त्यांची दृष्टी अधू झाली. १७२८ मध्ये त्यांनी ऑक्सफर्डच्या पेम्ब्रोक कॉलेजात प्रवेश घेतला. परंतु पैशांअभावी सुमारे १३ महिन्यांनी पदवी न घेताच त्यांना परतावे लागले. पदवी नसल्याने शिक्षकाची नोकरी मिळणे कठीण झाले. एडियल येथे त्यांनी काढलेली शाळाही लवकरच बंद पडली. १७३७ मध्ये ते लंडनला गेले व लेखनावर उपजीविका करू लागले.

शब्दकोश

१७४६ मध्ये लंडनच्या प्रकाशकांनी १,५०० गिनींच्या मोबदल्यात त्यांच्याकडे कोशाचे काम सोपवले. मदतनीसांचे वेतनही याच रकमेतून द्यावयाचे होते. जॉन्सन ग्रंथ वाचून निवडक शब्दांखाली खुणा करीत आणि मदतनीस ती वाक्ये चिठ्ठ्यांवर उतरवून घेत. सतराव्या शतकातील इंग्लिश कोश मुख्यतः कठीण शब्दांपुरते मर्यादित होते. जॉन्सन यांनी मात्र नित्याच्या शब्दांनाही तितकेच महत्त्व दिले, अर्थांना अनुक्रमांक दिले आणि प्रत्येक अर्थाचा वापर साहित्यातील अवतरणांनी स्पष्ट केला. 'टेक' या एकाच क्रियापदाचे त्यांनी १३४ अर्थ नोंदवले.

तीन वर्षांत अपेक्षित असलेले काम सुमारे नऊ वर्षे चालले. या काळात, १७५२ मध्ये, त्यांच्या पत्नी एलिझाबेथ यांचे निधन झाले. कोशाची योजना लॉर्ड चेस्टरफील्ड यांना उद्देशून लिहिलेली होती. त्यांनी अनेक वर्षे दुर्लक्ष करून काम संपत आल्यावर जाहीर प्रशंसा केली, तेव्हा जॉन्सन यांनी पत्र लिहून हा उशिराचा आश्रय नाकारला. १५ एप्रिल, १७५५ रोजी ४२,७७३ नोंदींचा कोश दोन खंडांत प्रकाशित झाला. त्याच वर्षी ऑक्सफर्ड विद्यापीठाने त्यांना मास्टर ऑफ आर्ट्स ही पदवी दिली. मूळ कोश महाग असल्याने १७५६ मध्ये स्वस्त संक्षिप्त आवृत्ती निघाली.

उत्तरायुष्य

कोशानंतरही जॉन्सन यांची आर्थिक ओढाताण संपली नाही. १७५६ मध्ये कर्जापायी त्यांना अटकही झाली. १७६२ मध्ये राजाकडून वार्षिक ३०० पौंडांचे निवृत्तिवेतन सुरू झाल्यावर त्यांना स्थैर्य लाभले. त्यांचे निधन लंडन येथे झाले व दफन वेस्टमिन्स्टर ॲबीमध्ये करण्यात आले. १८८४ पासून खंडशः प्रसिद्ध होऊ लागलेल्या ऑक्सफर्ड इंग्लिश कोशाच्या संपादकांनीही जॉन्सन यांच्या व्याख्यांचा आधार घेतला.