ढगांच्या पेटीचे विल्सन

आज मी तुम्हाला एका थोर शास्त्रज्ञाची माहिती सांगतो. त्यांचे नाव चार्लस थॉमसन रीस विल्सन. त्यांचा जन्म १४ फेब्रुवारी १८६९ रोजी स्कॉटलंडमध्ये एका खेड्यात झाला. त्यांचे वडील मेंढ्या पाळत. चार्लस चार वर्षांचे असतानाच वडील वारले. मग आई मुलांना घेऊन मँचेस्टर शहरात राहायला गेली. चार्लसना आधी डॉक्टर व्हायचे होते. पण पुढे ते केंब्रिजला शिकायला गेले आणि त्यांना पदार्थविज्ञानाची गोडी लागली. मध्ये काही दिवस ते शाळेत मास्तरही होते.

१८९४ साली ते बेन नेव्हिस नावाच्या डोंगरावर गेले. तिथे हवामान पाहण्याची वेधशाळा होती. ते दोन आठवडे राहिले. खाली ढग, वर ऊन, आणि ढगांवर पडलेल्या सावलीभोवती रंगीत कडी! त्यांना वाटले, असे ढग आपण खोलीत करावेत.

मग त्यांनी काचेची पेटी केली. तिच्यात ओलसर हवा कोंडली. ती हवा एकदम पसरू दिली की गार होते आणि आत धुके धरते. थंडीत आपण तोंडाने हा केला की वाफ दिसते ना, तसेच. पण धुके धुळीच्या कणांवर धरते. आत धूळ असली की नुसते धुकेच धुके, दुसरे काही कळत नाही. विल्सनांनी काय केले? पुन्हा पुन्हा धुके पाडले. प्रत्येक वेळी धूळ थेंबांबरोबर खाली बसली. शेवटी हवा स्वच्छ झाली. तरीपण हवा जास्त पसरवली की थेंब पडायचेच! म्हणजे धुळीशिवाय आणखी काहीतरी होते. ते विजेचा भार असलेले अगदी बारीक कण होते.

विल्सन पेटीची काच स्वतः फुंकून घडवत. हे फार नाजूक काम. कितीतरी दिवस घासलेली काच शेवटी तडकायची. पण ते चिडत नसत. दुसरी काच घेऊन पहिल्यापासून सुरू करत. मला त्यांची हीच गोष्ट सगळ्यात जास्त आवडली.

१९०० च्या सुमारास त्यांनी आणखी एका यंत्रावर काम केले. बंद डब्यात सोन्याचा पातळ वर्ख टांगायचा आणि त्याला विजेचा भार द्यायचा. भार असेपर्यंत वर्ख फाकून उभा राहतो. भार गळाला की हळूहळू खाली येतो. तो कोणी हात न लावता खाली यायचा. वीज गळते कुठून?

आमच्या मळ्यातली मोटर बंद पडली की अण्णा आधी फ्यूज बघतात, मग स्टार्टर, मग वायर. सगळे एकदम उघडत नाहीत. विल्सनांनीही तसेच केले. हवेत धूळ असेल? धूळ काढली, तरी गळती तेवढीच. उजेडामुळे होत असेल? अंधारात ठेवले, तरी तेवढीच. वर्ख ज्याला टांगला तिथून गळत असेल? त्यांनी गंधकाचा मणी लावला, कारण गंधकातून वीज जात नाही. मण्याच्या वरच्या दांडीला पूर्ण भार देऊन ठेवला. आता मण्यातून गळती झालीच असती तर वर्खाचा भार वाढला असता. तरीही तो कमीच झाला. म्हणजे यंत्र चांगले होते. वीज हवेतूनच जात होती.

मग त्यांना शंका आली, की आकाशातून काही किरण येत असतील काय? म्हणून १९०१ मध्ये रात्री ते यंत्र घेऊन रेल्वेच्या बोगद्यात गेले. वर केवढा खडक! पण गळती कमी झाली नाही. तेव्हा त्यांनी ती शंका सोडून दिली. पण खडकातूनही किरण निघत असतात. नंतर १९१२ साली हेस नावाचे शास्त्रज्ञ फुग्यात बसून पाच हजार मीटरच्या वर गेले. तिथे गळती वाढलेली दिसली. म्हणजे आकाशातून किरण येतात ही विल्सनांची शंका खरी निघाली. त्यांना विश्वकिरण म्हणतात.

ढगांची पेटी विल्सनांनी सोडली नाही. आधीचे राहिलेले कण नको तिथे थेंब पाडायचे, म्हणून ते विजेने ओढून बाजूला केले. १९११ साली त्या पेटीत कणांची वाट दिसली आणि त्यांनी फोटो काढले. विमान गेल्यावर आभाळात पांढरी रेघ राहते, तशी रेघ. कण दिसत नाही, पण तो कुठून गेला ते दिसते. १९२७ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. १९३२ मध्ये अशाच पेटीत पॉझिट्रॉन हा नवा कण सापडला.

विल्सन १५ नोव्हेंबर १९५९ रोजी वारले. तेव्हा ते नव्वद वर्षांचे होते.

मित्रांनो, यंत्र बिघडले असे वाटले की आपण ते आपटतो नाहीतर फेकून देतो. विल्सनांनी एकेक कारण तपासून पाहिले, म्हणून बिघाड नाही हे कळले. मलापण तसेच शिकायचे आहे.

— इयत्ता चौथी