दामोदर धर्मानंद कोसंबी : गणिताच्या तराजूत इतिहास तोलणारा आचार्य

संगणक आणि कृत्रिम बुद्धिमत्ता यांमुळे उद्याचा समाज कसा घडेल, हा प्रश्न आज पालकांना आणि विद्यार्थ्यांना सारखाच भेडसावत आहे. यंत्र आपल्या मुलांच्या हातचे काम हिरावून घेईल की शतकानुशतकांच्या दास्यातून त्यांना मोकळे करील, ही चिंता रास्त आहे. संगणक नुकताच जन्माला येत असताना तो जवळून पाहणाऱ्या एका मराठी विद्वानाचे चरित्र या संदर्भात आम्हांस मोलाचे वाटते. ते विद्वान म्हणजे दामोदर धर्मानंद कोसंबी.

त्यांचा जन्म ३१ जुलै १९०७ रोजी गोव्यात झाला. वडील धर्मानंद हे पाली भाषेचे थोर पंडित. बुद्धाच्या शोधात घर सोडून ते काशी, नेपाळ असा प्रवास करीत श्रीलंकेस पोहोचले आणि १९०२ मध्ये भिक्खू झाले. पुढे त्यांनी मराठी माणसाला भगवान बुद्धांचे चरित्र मराठीत दिले. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी त्यांना अर्थसाहाय्य केले होते. बाबासाहेबांना उच्च शिक्षणासाठी अमेरिकेस पाठविणारे सयाजीराव ते हेच, हे वाचकांनी लक्षात घ्यावे. विद्येला वेळीच मिळालेला आधार किती दूरवर फळ देतो, याचे हे उदाहरण होय.

१९१८ मध्ये वडिलांबरोबर दामोदर अमेरिकेस गेले. हार्वर्ड विद्यापीठातून १९२९ मध्ये त्यांनी सर्वोच्च श्रेणीत पदवी मिळविली. काशी आणि अलीगढ येथे अध्यापन केल्यावर ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गणिताचे प्राध्यापक झाले. तेथे असतानाच संख्याशास्त्राचा उपयोग करून पाहण्यासाठी ते प्राचीन आहत नाण्यांकडे वळले. नाणे हातोहात फिरते तसतसे झिजते. त्यामुळे एकाच मापाच्या नाण्यांचे सरासरी वजन काळानुसार घटते आणि त्यांच्या वजनांतील परस्परांमधला फरक वाढत जातो. हे तत्त्व कोसंबींनी आधी चलनातील नाणी तोलून पडताळले आणि मग तक्षशिलेच्या नाण्यांना लावले. हजारो नाणी त्यांनी स्वतः तोलली. ज्या काळाविषयी लेखी पुरावा तुटपुंजा होता, त्या काळातील नाण्यांचा क्रम त्यातून हाती आला. आज अशी आकडेमोड संगणक क्षणात करील. परंतु झिजलेले नाणे हाही पुरावा आहे, हे ओळखण्यास माणसाचीच बुद्धी लागली.

राहुरीच्या कृषी विद्यापीठामुळे पिकांच्या नव्या वाणांची चर्चा आपल्या जिल्ह्यात शेताच्या बांधापर्यंत पोहोचते. त्या शास्त्रातही कोसंबींचे नाव आहे. गुणसूत्रावरील दोन जनुकांमधील अंतर काढण्याचे सूत्र त्यांनी १९४४ मध्ये मांडले. जनुकांचे नकाशे काढणाऱ्या आजच्या संगणकीय प्रणालींत ते कोसंबींच्याच नावाने वापरले जाते.

१९४५ मध्ये होमी भाभांनी त्यांना नव्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत बोलावले. १९४८-४९ मध्ये युनेस्कोची अभ्यासवृत्ती घेऊन ते इंग्लंड-अमेरिकेस गेले, ते इलेक्ट्रॉनिक गणकयंत्रांचा अभ्यास करण्यासाठीच. प्रिन्स्टनच्या ज्या संस्थेत ते गेले, तेथे त्या काळी जॉन फॉन नॉयमन यांचे यंत्र आकार घेत होते. भारतात तेव्हा असे यंत्र नव्हते. पुढे टाटा संस्थेतील दुसऱ्या अभ्यासकांनी स्वदेशी संगणक घडविला. तो १९६० मध्ये कार्यान्वित झाला आणि टिफ्रॅक या नावाने ओळखला गेला.

विज्ञानाचा लाभ कोणाला, हा प्रश्न मात्र कोसंबींनी कधी सोडला नाही. अणुशक्तीचा देशभर गौरव होत असताना त्यांनी तिच्या खर्चाविषयी आणि धोक्यांविषयी स्पष्टपणे शंका घेतली. आपल्या देशात ऊन विपुल आहे, गरीब खेड्याला परवडेल अशी ऊर्जा त्यातून मिळविण्यावर संशोधन व्हावे, असा त्यांचा आग्रह होता. हे मत संस्थेच्या धोरणाशी जुळणारे नव्हते. मतभेद वाढत गेले आणि १९६२ मध्ये त्यांचा तेथील करार पुढे चालू ठेवण्यात आला नाही. त्यानंतर अनेक दशकांनी आपल्याच जिल्ह्यात, राळेगणसिद्धीत, शेतीपंपांसाठी सौर प्रकल्प उभा राहिला, तेव्हा त्यांची दूरदृष्टी आम्हांस प्रकर्षाने जाणवली.

इतिहास केवळ ग्रंथांत नसतो, ही त्यांची शिकवण आम्हां इतिहासाच्या शिक्षकांना विशेष प्रिय आहे. पुण्याच्या परिसरातील टेकड्यांवर ते अश्मयुगीन हत्यारे वेचीत, धनगरांच्या वाटा धुंडाळीत आणि कार्ले, जुन्नर येथील बौद्ध लेण्यांचे प्राचीन व्यापारी मार्गांशी असलेले नाते उलगडून दाखवीत. राजांच्या वंशावळींऐवजी नांगर, गुरे आणि कष्टकरी माणसे यांना त्यांनी इतिहासाच्या केंद्रस्थानी आणले. १९५६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथाने भारतीय इतिहासलेखनाची दिशा बदलली. २९ जून १९६६ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले.

कोसंबी मार्क्सवादी होते. बाबासाहेबांनी बुद्धाचा मार्ग स्वीकारला. हा भेद आम्ही झाकू इच्छित नाही. तथापि यंत्राविषयी दोघांचे विचार जवळचे आहेत. बाबासाहेबांच्या मते दोष यंत्राचा नसून, त्याचा लाभ मूठभरांच्या हाती ठेवणाऱ्या समाजरचनेचा आहे. यंत्रामुळे कष्टकऱ्याला विसावा मिळाला, तरच त्याला ज्ञान आणि संस्कृती यांचा लाभ होईल.

संगणकाचीही हीच कसोटी आहे. त्याला जी माहिती पुरवावी, तिच्यातील पूर्वग्रहही तो उचलतो. ज्या समाजाच्या जुन्या नोंदींत जात मुरलेली आहे, तेथे नोकरी, कर्ज वा शिष्यवृत्तीचा निर्णय डोळे मिटून यंत्रावर सोपविणे म्हणजे जुना अन्याय नव्या वेशात स्वीकारणे होय. म्हणून आपल्या निवासी शाळेतील मुलामुलींनी संगणक केवळ चालवावयास शिकून भागणार नाही. त्याला कोणती माहिती द्यावयाची आणि कोणता प्रश्न विचारावयाचा, हे ठरविणाऱ्यांत त्यांचे स्थान असले पाहिजे. त्यासाठी गणित पक्के हवे, इतिहासाची जाण हवी आणि कोणाचेही म्हणणे तपासल्यावाचून न स्वीकारण्याची बुद्धांची शिकवण अंगी बाणलेली हवी. माजी विद्यार्थ्यांनी या कामी धाकट्या भावंडांचा हात धरावा आणि पालकांनी मुलींना गणितापासून दूर ठेवू नये, अशी आमची कळकळीची विनंती आहे.

आचार्य कोसंबींच्या स्मृतीस आमचे विनम्र अभिवादन.