परक्याचं लेकरू



मागच्या सेवेच्या वेळी वर्गणी गोळा होत होती. तेव्हा आपल्यातल्याच एका ज्येष्ठ काकांनी विचारलं की आपल्या गल्लीत इतके गरजू असताना, कधी न पाहिलेल्या लांबच्या लोकांसाठी पैसे कशाला पाठवायचे? प्रश्न रागाचा नव्हता. काका दर महिन्याला अन्नदानात न चुकता उभे असतात. पण त्या दिवशी आम्हाला नीट उत्तर देता आलं नाही, हे खरं. घरी आल्यावर मात्र एका बाईंची आठवण झाली. त्यांना जाऊन आता शंभर वर्षं होत आली. त्यांचंच चरित्र आज थोडक्यात सांगतो.

त्यांचं नाव एग्लंटाइन जेब. जन्म 25 ऑगस्ट 1876, इंग्लंडमधल्या श्रॉपशर परगण्यात, एल्समियर गावाजवळ. घर जमीनजुमल्याचं, खाऊनपिऊन सुखी. सहा भावंडं. खेड्यातल्या गरिबांना हस्तकला शिकता यावी म्हणून आईने संस्था काढलेली, त्यामुळे दुसऱ्यासाठी काही करायचं असतं हे बाळकडू घरातच मिळालं. मुलींना विद्यापीठात पाठवणारी घरं तेव्हा थोडीच होती, पण यांना ऑक्सफर्डला इतिहास शिकायला मिळाला. त्याच वर्षांत धाकटा भाऊ आजारपणात गेला, अवघ्या सोळाव्या वर्षी.

शिक्षण झाल्यावर गरीब मुलांच्या शाळेत शिकवायचं त्यांनी ठरवलं. गेल्या, पण जमलं नाही. तब्येत साथ देईना, आणि मुलांत रमायचा त्यांचा स्वभावच नव्हता. हे त्यांनी पत्रांतून मोकळेपणाने कबूलही केलंय. पुढे लग्न केलं नाही, स्वतःचं मूल नाही. बघा हं, जिने सगळ्या जगातल्या मुलांसाठी देह झिजवला, तिला मुलांची तशी हौस नव्हती! हे आम्ही वाचलं तेव्हा जरा चमकलोच. मग लक्षात आलं की आपल्याला जे गोड वाटतं ते करणं वेगळं, आणि जे करायला हवं म्हणून करणं वेगळं. दुसऱ्यालाच आपण सेवा म्हणतो.

शाळा सोडून त्या आईबरोबर केंब्रिजला राहायला आल्या. तिथे एका मदत करणाऱ्या संस्थेत काम करताना त्यांनी शहरातल्या गरिबीची नीट पाहणी केली आणि 1906 मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. दया आली की हाताला लागेल ते देऊन मोकळं व्हायचं, याने गरिबाचं काम होत नाही. त्याला काय हवंय, ते कोण देतंय, कुठे कमी पडतंय, हे आधी बघावं लागतं. ही शिस्त त्यांच्या अंगात इथे आली.

1913 मध्ये बाल्कन युद्धात होरपळलेल्या लोकांना मदत पोचवायला त्या मॅसेडोनियाला गेल्या. घरदार सुटलेली माणसं, थंडीने काकडणारी मुलं त्यांनी डोळ्यांनी पाहिली. परत येऊन पैसे जमवायला लागल्या, तर लोकांना त्यात रस नव्हता. कुठली ती लांबची माणसं! आमच्या काकांचाच प्रश्न.

मग 1914 ला पहिलं महायुद्ध पेटलं. त्यांची धाकटी बहीण डोरोथी बक्स्टन हिने सरकारची परवानगी काढून शत्रूदेशांची वर्तमानपत्रं मागवायला सुरुवात केली. त्यातल्या बातम्यांचं भाषांतर करून छापायचं. एग्लंटाइन या कामात बहिणीच्या जोडीला बसल्या. जर्मनी-ऑस्ट्रियात साध्या माणसांचे काय हाल चाललेत, ते या कागदांतून कळत गेलं.

नोव्हेंबर 1918 मध्ये लढाई थांबली. तरी तहावर सह्या होईपर्यंत इंग्लंड आणि मित्रदेशांनी समुद्रातली नाकेबंदी उठवली नाही. धान्य, दूध, औषध काही आत जाईना. व्हिएन्नासारख्या शहरात मुलं भुकेने सुकत चालली. युद्ध कोणी केलं आणि उपाशी कोण राहिलं! आणि इंग्लंडमध्ये याबद्दल बोलायची चोरी. घरोघरी कोणाचा मुलगा, कोणाचा नवरा त्याच शत्रूच्या गोळीने गेलेला. अशा घरात जाऊन शत्रूच्या लेकरासाठी दूध मागायचं म्हणजे काय, याचा जरा विचार करा.

तरी एप्रिल 1919 मध्ये एग्लंटाइन लंडनच्या ट्रॅफल्गर चौकात उभ्या राहिल्या आणि पत्रकं वाटू लागल्या. पत्रकावर ऑस्ट्रियातल्या उपाशी मुलाचा फोटो. पत्रक सरकारी तपासनिसाला न दाखवता छापलेलं, म्हणून पोलिसांनी पकडलं. मे महिन्यात खटला झाला. बाईंनी वकील न घेता स्वतःच बाजू मांडली. गुन्हा शाबीत झाला, दंड पाच पौंड. आणि गंमत अशी, की ज्याने त्यांच्याविरुद्ध खटला चालवला त्या सरकारी वकिलानेच, सर आर्चिबाल्ड बॉडकिन यांनी, पाच पौंड काढून त्यांच्या हातात ठेवले. बाईंनी ते मुलांच्या निधीत टाकले. त्यांच्या संस्थेची पहिली देणगी म्हणून आजही याच पाच पौंडांकडे बोट दाखवतात.

त्याच आठवड्यात, 19 मे 1919 ला, लंडनच्या अल्बर्ट हॉलमध्ये सभा भरली. काही लोक म्हणे सडकी फळं फेकायच्या तयारीने आले होते. सभा संपली ती देणग्यांनी. दोघी बहिणींनी तिथे सेव्ह द चिल्ड्रन फंड सुरू केला. पुढे खाणकामगारांच्या संघटनेने पैसे दिले. पोप बेनेडिक्ट पंधरावे यांनी चर्चमधून वर्गणी गोळा करायला सांगितलं. साध्या साध्या घरांनी परदेशातल्या एकेका मुलाचा खर्च उचलला. ज्याला कधी भेटणार नाही, ज्याची भाषा येत नाही, त्या लेकराच्या ताटाची काळजी इंग्लंडमधली एखादी गृहिणी करू लागली.

1921 ला रशियात व्होल्गा नदीच्या काठी भयंकर दुष्काळ पडला. तिथे बोल्शेविकांचं राज्य, म्हणून इंग्लंडमध्ये पुन्हा तोच आरडाओरडा. वर्तमानपत्रांतून टीका झाली. बाईंनी ऐकलं नाही. सप्टेंबर 1921 मध्ये 600 टन सामान घेऊन संस्थेचं जहाज निघालं, आणि सारातोव्ह भागात जागोजागी मुलांसाठी स्वयंपाकघरं उभी राहिली. सुमारे 3 लाख मुलांच्या तोंडी त्या घासाने जीव राहिला.

पैसे जमवायला त्यांनी वर्तमानपत्रांत पान पान भर जाहिराती दिल्या, दुष्काळाची फिल्म लोकांना दाखवली. दानाच्या पैशातून जाहिरात कसली, म्हणून संस्थेतलेच लोक कुरकुरले. पण एक रुपया घालून दहा मुलांचं दूध येत असेल, तर घालावा, असा त्यांचा सरळ हिशेब होता.

1920 पासून कामाचं मोठं केंद्र जिनिव्हाला झालं. तिथे बाईंच्या मनात आलं की दर वेळी दुष्काळ पडला की झोळी घेऊन फिरायचं, हे किती दिवस? मुलाला जेवण मिळणं हे कोणाचे उपकार का असावेत, ते त्याच्या हक्काचंच असायला हवं. 1923 मध्ये त्यांनी पाच कलमांचा लहानसा मसुदा तयार केला. उपाशी मुलाला अन्न, आजाऱ्याला औषध, चुकलेल्याला पुन्हा वाट, अनाथाला आसरा. संकटात आधी मदत मुलाला. आणि हे सगळं जात, देश, धर्म न बघता. शेवटचं कलम तर फार सुंदर आहे. मुलाला असं वाढवावं की त्याच्यातले गुण पुढे दुसऱ्यांच्या सेवेला लागावेत. म्हणजे आज ज्याला घास भरवला, तो उद्या भरवणारा व्हावा.

सप्टेंबर 1924 मध्ये राष्ट्रसंघाने हा मसुदा मान्य केला. त्याच वाटेने पुढे संयुक्त राष्ट्रांचा 1959 चा बालहक्कांचा जाहीरनामा आणि 1989 चा करार आला. भारतानेही 1992 मध्ये तो करार स्वीकारला. आपल्या नातवंडांच्या हक्कांचं मूळ शोधत गेलं, तर ते या बाईंच्या टेबलापर्यंत पोचतं.

तब्येत मात्र कधीच धड नव्हती. गळ्याच्या गाठीचा जुना आजार. केस लवकर पांढरे झाले. 17 डिसेंबर 1928 रोजी जिनिव्हातच त्यांनी देह ठेवला. वय 52.

आता काकांच्या प्रश्नाकडे येऊ. गल्लीतल्या गरजूला विसरा, असं कोणी म्हणत नाही. एग्लंटाइनबाईंनीही सुरुवात आपल्याच गावातल्या गरिबांपासून केली होती. पण तिथे थांबल्या नाहीत. आपल्या लेकरावर माया करायला कोणी शिकवावं लागत नाही, गाय-वासरातही ती असते. परक्याचं, आणि त्याहून पुढे म्हणजे शत्रूचं लेकरू उपाशी आहे हे ऐकून आपल्या ताटातला घास अडला, तर समजावं की सत्संग कुठेतरी आत झिरपलाय.

आणखी एक. आपण वाढदिवसाला अनाथाश्रमात केक घेऊन जातो, मुलांना मधे बसवून फोटो काढतो, ग्रुपवर टाकतो. आम्हीही टाकलेत, लपवत नाही. बाईंनीही मुलाचा फोटो वापरला, पण त्यात त्या स्वतः नव्हत्या. पुढच्या वेळी जाण्याआधी एक फोन करून आश्रमाला विचारू या, तुम्हाला खरंच काय हवंय? कदाचित केक नको असेल, वह्या हव्या असतील, वर्षभराचं तेल हवं असेल, नाहीतर दर रविवारी गणित शिकवणारा कोणीतरी हवा असेल.

काका, उत्तर द्यायला महिना लागला, माफ करा. पुढच्या सेवेला बसू तेव्हा यावर तुमच्याशी निवांत बोलायचंय.