व्हेरियर एल्विन : लोकगीतांकडून प्रशासनाकडे

१९५४ च्या प्रारंभी शिलाँग येथे ईशान्य सीमान्त प्रदेशाच्या, म्हणजे नेफाच्या, प्रशासनात आदिवासी विषयांचे सल्लागार म्हणून व्हेरियर एल्विन रुजू झाले. त्या वेळी त्यांचे वय एक्कावन्न होते. त्याच वर्षी त्यांनी भारताचे नागरिकत्व स्वीकारले. जन्माने इंग्रज, शिक्षणाने धर्मशास्त्री, वृत्तीने कवी, आणि आयुष्याची वीस-बावीस वर्षे सरकारी खात्यांशी भांडण्यात घालविलेला हा मनुष्य उत्तरायुष्यात एका सरकारी खात्याचा वैचारिक आधार बनला. हे स्थित्यंतर कसे घडले आणि त्यातून काय साधले, काय निसटले, हाच त्यांच्या चरित्रातील मुख्य प्रश्न आहे. भारतीय साहित्याच्या अभ्यासकांना त्याचे महत्त्व विशेष, कारण एल्विन यांनी प्रशासनात जे आणले ते मुख्यतः लोकगीते आणि पुराणकथा ऐकता ऐकता त्यांनी मिळविले होते.

२९ ऑगस्ट १९०२ रोजी डोव्हर येथे एल्विन यांचा जन्म झाला. वडील सिएरा लिओनचे बिशप होते. १९०९ मध्ये ते वारले आणि मुलाचे संगोपन आईच्या कडक धर्मनिष्ठेत झाले. ऑक्सफर्डच्या मर्टन महाविद्यालयात त्यांनी इंग्रजी साहित्य आणि नंतर धर्मशास्त्र या दोन्ही विषयांत प्रथम वर्ग मिळविला. चर्चमधील उच्च पद त्यांच्यापुढे जवळजवळ मांडून ठेवलेले होते. ते बाजूला सारून १९२७ मध्ये ते पुण्याच्या ख्रिस्त सेवा संघात दाखल झाले. ख्रिस्ती साधनेला भारतीय आश्रमजीवनाचे रूप द्यावे, हा या संघाचा उद्देश होता.

पुण्यातील वास्तव्याने त्यांच्या आयुष्याला दोन वळणे दिली. पहिले, महात्मा गांधींचा परिचय. साबरमतीला जाऊन आलेला हा तरुण थोड्याच काळात स्वातंत्र्य-आंदोलनाचा उघड पक्षपाती झाला. दुसरे, शामराव हिवाळे या मराठी भाषक ख्रिस्ती तरुणाशी जडलेली आयुष्यभराची मैत्री. १९३२ च्या जानेवारीत हे दोघे मध्य प्रांतातील मंडला जिल्ह्यात करंजिया या गोंडांच्या गावी जाऊन राहिले. शाळा, दवाखाना आणि कुष्ठरोग्यांची शुश्रूषा अशी तेथील कामाची सुरुवात होती. गोंडांचे धर्मांतर करण्यास एल्विन तयार नव्हते. त्यामुळे बिशपांशी खटके उडाले आणि १९३५ मध्ये त्यांनी चर्चचा त्याग केला. गांधीप्रणीत संयमाच्या आणि मद्यबंदीच्या कार्यक्रमापासूनही ते हळूहळू दूर गेले. गोंड आणि बैगा यांच्या जीवनातील नाच, गाणे, मोहाची दारू आणि मोकळे स्त्री-पुरुषसंबंध यांना पाप मानण्यास त्यांचे मन तयार होईना.

याच काळात त्यांच्यातील संग्राहक जागा झाला. करमा, ददरिया, शैला ही गाणी शामरावांच्या मदतीने टिपली जाऊ लागली. १९३५ मध्ये ‘साँग्ज ऑफ द फॉरेस्ट’ हा दोघांचा संग्रह प्रसिद्ध झाला. १९४४ मध्ये मैकल पर्वतातील लोकगीतांचा आणि १९४६ मध्ये छत्तीसगढच्या लोकगीतांचा मोठा संग्रह निघाला. स्वतः शामरावांनी नर्मदेच्या वरच्या खोऱ्यातील परधानांवर १९४६ मध्ये स्वतंत्र ग्रंथ लिहिला. परधान हे गोंडांचे गायक आणि वंशकथांचे रक्षक असल्याने तो ग्रंथ एका परीने मौखिक वाङ्मयाच्या वारसदारांचा अभ्यास आहे. आदिवासी गीतांना एल्विन यांनी मानववंशशास्त्राची सामग्री तर मानलेच, पण त्याआधी काव्य मानले, हे त्यांचे निःसंशय श्रेय आहे. उणीवही येथेच दिसते. बहुतेक गीते केवळ इंग्रजी अनुवादात छापली गेली. मूळ संहिता क्वचितच दिली गेली. अनुवाद सुंदर आहेत, परंतु ज्या बोलीत ते गाणे जन्मले तिची लय आणि तिची शब्दकळा वाचकापर्यंत पोचत नाही.

एल्विन यांना प्रशासनाकडे वळविले ते बैगांच्या प्रश्नाने. बैगा डोंगरउतारावर झाडे तोडून, जाळून, राखेत बी फेकून बेवर पद्धतीची शेती करीत. धरणीमातेच्या छातीवर नांगर चालविणे त्यांच्या पुराणकथेनुसार निषिद्ध होते. वनखात्याने ही शेती बंद पाडीत आणली आणि १८९० पासून बैगा चक नावाच्या एका मर्यादित टापूतच तिला परवानगी उरली. बंदीमुळे शेतीबरोबर बैगांच्या कथेतला अर्थही हरवला, असे १९३९ च्या ‘द बैगा’ या ग्रंथात एल्विन यांनी दाखविले. पुराणकथा ठाऊक नसलेला अधिकारी जमिनीचा कायदा नीट करू शकत नाही, हा त्यांचा पुढील सर्व लेखनातला धागा येथे सुरू होतो.

त्याच ग्रंथात त्यांनी बैगांसाठी राखीव प्रदेशाची कल्पना मांडली आणि वादाला तोंड फुटले. ठक्कर बाप्पांसारख्या सेवकांना हा विभक्ततेचा पुरस्कार वाटला. मुंबई विद्यापीठातील समाजशास्त्रज्ञ गोविंद सदाशिव घुर्ये यांनी १९४३ मध्ये स्वतंत्र ग्रंथ लिहून आदिवासी हे हिंदू समाजाचेच मागे राहिलेले घटक आहेत, असा सिद्धान्त मांडला आणि एल्विन यांच्या भूमिकेवर कठोर टीका केली. वादात दोन्ही बाजूंना सत्याचा अंश होता. शतकानुशतकांच्या देवाणघेवाणीकडे एल्विन यांचे दुर्लक्ष झाले होते, तर संपर्कातून होणाऱ्या लुबाडणुकीची आच घुर्ये यांच्या विवेचनात पुरेशी नव्हती. राखीव प्रदेशाची कल्पना एल्विन यांनी पुढे स्वतःच सोडून दिली.

१९४० मध्ये त्यांनी कोसी या राजगोंड तरुणीशी विवाह केला. बस्तरमधील मुरियांच्या घोटुलाचा अभ्यास चालू असताना ती त्यांच्यासमवेत होती. १९४९ मध्ये हा विवाह संपुष्टात आला. आत्मचरित्रात एल्विन या प्रकरणावरून जवळजवळ मौनानेच पुढे जातात. ज्यांनी आदिवासी स्त्रीचे स्वातंत्र्य आणि तिची गाणी जगासमोर आणली, त्यांच्याच कथेत कोसीचा आवाज उमटत नाही, याची नोंद चरित्रकाराला करावीच लागते. १९५३ मध्ये त्यांनी परधान समाजातील लीला यांच्याशी विवाह केला आणि तो अखेरपर्यंत टिकला.

दरम्यान १९४६ ते १९४९ या काळात ते भारतीय मानवविज्ञान सर्वेक्षणाचे उपसंचालक होते. शासकीय नोकरीचा हा त्यांचा पहिला अनुभव. खरे शासकीय कार्य मात्र नेफात झाले. हिमालयाच्या पूर्व टोकाचा हा डोंगराळ प्रदेश आसामच्या राज्यपालांमार्फत आणि परराष्ट्र मंत्रालयाच्या देखरेखीखाली चालविला जात असे. १८७३ च्या नियमनाने आखलेल्या अंतर्गत रेषेपलीकडे परवान्याशिवाय जाता येत नसे. इंग्रजांनी या भागात मोहिमा पाठविल्या, परंतु नित्याचे प्रशासन उभारले नव्हते. ते स्वतंत्र भारताला उभारावयाचे होते. १९५१ मध्ये मेजर बॉब खाथिंग या तांखुल नागा अधिकाऱ्याने तवांगमध्ये भारतीय प्रशासन आणले. १९५३ च्या ऑक्टोबरात अचिंगमोरी येथे तागिनांनी मेजर रिपुदमन सिंग यांच्या तुकडीवर हल्ला करून चाळीसहून अधिक माणसे मारली. सूड म्हणून गावांवर बॉम्ब टाकावेत ही सूचना पंतप्रधान नेहरूंनी मान्य केली नाही. राज्यपालांचे सल्लागार नरी रुस्तमजी हेही संयमाच्या बाजूचे होते. या घटनेनंतर काही महिन्यांतच एल्विन शिलाँगला आले. बळ वापरावयाचे नाही, तर मग राज्य कशाच्या आधारे चालवावयाचे, हा प्रश्न त्यांच्यापुढे होता.

त्यांचे उत्तर १९५७ च्या ‘अ फिलॉसॉफी फॉर नेफा’ या पुस्तकात आहे. नाव तत्त्वज्ञानाचे असले तरी ते मुख्यतः अधिकाऱ्यांसाठी लिहिलेले आहे. दुसऱ्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत नेहरूंनी पाच सूत्रे मांडली. लोकांचा विकास त्यांच्या स्वभावानुसार व्हावा. जमीन आणि जंगल यांवरील त्यांचे हक्क मानले जावेत. त्यांच्यातूनच कार्यकर्ते तयार करावेत. प्रशासनाचा आणि योजनांचा अतिरेक टाळावा. आणि कामाचे मोजमाप खर्चाच्या आकड्यांनी नव्हे तर माणसांच्या गुणवत्तेने व्हावे. झूम शेतीच्या जमिनीवरील परंपरागत हक्क मान्य करणारे नियमन १९४७ मध्येच झालेले होते, आणि ग्रामसभांच्या न्यायदानाला १९४५ च्या नियमनाने मान्यता मिळालेली होती. त्यामुळे बैगा चकात जे घडले ते येथे टाळता येणे शक्य होते.

या खात्याची माणसे हा एल्विन यांच्या चिंतेचा विषय होता. पोलिटिकल ऑफिसर हा आपल्या विभागातील सर्व खात्यांचा प्रमुख असे. त्याने पायी फिरावे, गावात मुक्काम करावा, लोकांच्या वेशाला, घराला, अन्नाला नावे ठेवू नयेत, असा एल्विन यांचा आग्रह होता. हातमागावरील पारंपरिक नक्षी टिकावी, शाळा आणि कचेऱ्या बांधताना स्थानिक बांधणीचा विचार व्हावा, बाजारातील हलके कापड फुकट वाटू नये, अशा बारीक गोष्टींतही ते लक्ष घालीत. त्यांच्या देखरेखीखालील संशोधन विभागाने तरुण अभ्यासकांना निरनिराळ्या जमातींत पाठविले. बी. के. शुक्ल यांचा दफलांवरील ग्रंथ १९५९ मध्ये, सचिन रॉय यांचा पदम-मिन्योंगांवरील ग्रंथ १९६० मध्ये आणि आर. आर. पी. शर्मा यांचा शेरदुकपेनांवरील ग्रंथ १९६१ मध्ये प्रसिद्ध झाला. तेथील लोकांविषयी लिहिणे हा प्रशासनाच्या कामाचाच भाग मानला गेला.

या रचनेतील सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत अनाम माणूस म्हणजे दुभाषा. नेफात बोलल्या जाणाऱ्या अनेक भाषा एल्विन यांना येत नव्हत्या. १९५८ मध्ये प्रसिद्ध झालेला सीमान्त प्रदेशातील पुराणकथांचा त्यांचा संग्रह दुभाष्यांच्या आणि संशोधकांच्या साहाय्याने सिद्ध झाला. सृष्टीची उत्पत्ती, सूर्य-चंद्रांची भांडणे, मृत्यूचे आगमन यांच्या कथा त्यामुळे प्रथमच एकत्र उपलब्ध झाल्या. मात्र निवेदकाचे शब्द दुभाष्याच्या भाषेतून आणि मग इंग्रजीतून गाळून आलेले आहेत. मंडल्यातील गीतांबाबत जी उणीव होती तीच येथे दुणावली.

टीकाकारही कमी नव्हते. आसामातील अनेकांना डोंगर आणि मैदान यांमधील जुने संबंध या धोरणाने तुटत आहेत, असे वाटे. राममनोहर लोहियांनी १९५८ मध्ये परवान्याविना प्रवेशाचा सत्याग्रह करून अंतर्गत रेषेलाच आव्हान दिले. १९६२ च्या युद्धात चिनी सैन्य बोमडिलाच्या पुढे आल्यावर प्रदेश वेगळा ठेवल्याचेच हे फळ, असा आरोप झाला. तो अन्याय्य होता. पराभवाची कारणे लष्करी आणि राजनैतिक होती. तथापि युद्धानंतर रस्ते, छावण्या आणि वेग यांना प्राधान्य मिळाले, आणि संथपणे जाण्याचा एल्विन यांचा सल्ला मागे पडला.

नेफाबाहेरही त्यांचे काम पोचले. त्रेचाळीस विशेष बहुउद्देशीय आदिवासी विकासखंडांची पाहणी करणाऱ्या समितीचे ते अध्यक्ष होते. १९६० च्या अहवालात इमारतींवरील उधळपट्टी आणि सर्वत्र एकाच साच्याच्या योजना यांवर त्यांनी बोट ठेवले. ढेबर आयोगाचेही ते सदस्य होते. १९६१ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. २२ फेब्रुवारी १९६४ रोजी दिल्लीत हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्राला १९६५ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. १९७२ मध्ये नेफाचे अरुणाचल प्रदेश झाले आणि १९८७ मध्ये त्याला राज्याचा दर्जा मिळाला.

नेहरूंच्या पाच सूत्रांतील तिसरे, म्हणजे लोकांतूनच कार्यकर्ते तयार व्हावेत, हे या चरित्राचे मोजमाप ठरावे. आज अरुणाचलातील लेखक आणि संशोधक स्वतःच्या कथा स्वतः टिपीत आहेत. त्यांना एल्विन यांचे संग्रह उपयोगी पडतात आणि अपुरेही वाटतात. आदिवासींच्या वतीने बोलणाऱ्याची गरज ओसरावी, असे धोरण एल्विन यांनी ज्या खात्यासाठी आखले, त्या खात्यात ते स्वतः अखेरपर्यंत त्यांच्या वतीने बोलणारेच राहिले. ही विसंगती त्यांच्या आयुष्यात सुटली नाही. ती पुढच्या पिढीच्या हातून सुटत असेल, तर तेच त्यांच्या धोरणाचे फलित म्हणावे लागेल.