संत जॉन बाप्टिस्ट द ला साल

आमच्या धर्मग्रामांतील पुष्कळ घरांत कोणी ना कोणी शिक्षक आहेच. म्हणून पोप बारावे पायस ह्यांनीं १९५० सालीं ज्यांस सर्व शिक्षकांचे आश्रयदाते ठरविलें, त्या संताचें चरित्र ह्या महोत्सवाच्या स्मरणिकेंत देणें आम्हांस उचित वाटतें.

जॉन बाप्टिस्ट ह्यांचा जन्म फ्रान्स देशांतील रॅंस शहरीं ३० एप्रिल १६५१ रोजीं एका सधन कुळांत झाला. वयाच्या १६ व्या वर्षींच त्यांस तेथील कॅथेड्रलचें कॅनन हें मानाचें व उत्पन्नाचें पद मिळालें. १६७८ सालीं ते धर्मगुरू झाले. पुढल्याच वर्षीं आद्रियां न्येल नांवाचे गृहस्थ गरीब मुलांसाठीं शाळा काढावयास त्या शहरीं आले. त्यांस साह्य करतां करतां जॉन बाप्टिस्ट ह्यांच्या ध्यानांत आलें कीं, खरी उणीव चांगल्या शिक्षकांची आहे. त्यांनीं शिक्षकांस आपल्या घरींच राहावयास आणिलें. नातलगांस हें मुळींच रुचलें नाहीं. शिक्षकांस उद्यांची चिंता असे. ईश्वरावर भरंवसा ठेवा, असें ते सांगत, तेव्हां शिक्षकांनीं रोखठोक सुनाविलें कीं, घरीं संपत्ति असलेल्यास असा उपदेश करणें सोपें आहे. हा टोला वर्मीं लागला. १६८३ सालीं त्यांनीं कॅननपद सोडिलें व दुष्काळ पडला तेव्हां आपली संपत्ति भुकेलेल्यांस वांटून टाकिली. ह्याच शिक्षकांतून ख्रिस्ती शाळांच्या बंधूंचा संघ उभा राहिला.

त्या काळीं बहुधा गुरुजी एकेका मुलास जवळ बोलावून शिकवीत व बाकीचीं मुलें गोंगाट करीत. बंधूंनीं मुलांचे वर्ग पाडिले, सर्वांस एकदम धडा देण्याची रीत घातली आणि वाचन लॅटिनऐवजीं फ्रेंच भाषेपासून आरंभिलें. गुरुजींनीं शक्य तों बोलूं नये, हातांतील लहानशा साधनाचा आवाज करून खूण करावी, असा नियम होता.

हे नियम वाचतांना प्रथम आमची छाती दडपली. परंतु ते कोणी एकांतांत बसून रचिलेले नव्हेत. अनुभवी बंधूंशीं विचारविनिमय करून, वर्गांत पडताळून मग ते लिहिले गेले. आणि त्याच पुस्तकांत प्रत्येक मुलाचा स्वभाव टिपून ठेवून पुढल्या शिक्षकाच्या हातीं द्यावा, असें आहे. मूल गैरहजर राहिलें तर कारण शोधावें. एक धडा येऊं लागला म्हणजेच त्यास पुढल्या धड्यावर न्यावें, मग सोबती कोठेंही असोत. शिक्षेचे नियमही आहेत, हें लपविण्याचें कारण नाहीं. पण ती विरळा असावी, आणि भित्र्या मुलास वेगळें व दांडग्यास वेगळें वागवावें, असा त्यांचा आग्रह दिसतो.

पॅरिसमध्यें फी घेऊन शिकविणाऱ्या लेखनगुरूंनीं ह्या मोफत शाळांवर खटले भरले. प्रसंगीं स्वतःच्या बंधूंकडूनही जॉन बाप्टिस्ट ह्यांस मनस्ताप झाला. ७ एप्रिल १७१९ रोजीं, गुड फ्रायडेच्या दिवशीं, रुआं येथें त्यांनीं देह ठेविला. त्यांच्या हयातींत शाळांच्या नियमांची नक्कल हातानें करून घ्यावी लागे. तें पुस्तक आविन्यों येथें छापून निघालें तें १७२० सालीं.